करमणुकीच्या बागेचे दार

जत्रेतला पाळणा तुम्हां-आम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. देवीचा किंवा खंडोबाचा उत्सव आला की गावाबाहेरच्या माळावर पाले पडतात, रेवड्या-गुडीशेवेची दुकाने लागतात, आणि पाळणेवाला आपला चार पाळण्यांचा रहाट हाताने फिरवू लागतो. या माळाला कुंपण नसते. जत्रेत शिरायला कुणी पैसे मागत नाही. पाळण्यात बसायचे तर मात्र मोजायचे. आता मोठ्या शहरांजवळ करमणुकीची उद्याने झाली आहेत. शाळांच्या सहलीही तिथे जातात. त्यांना भक्कम दार असते आणि तिकिटावाचून आत पाऊल टाकता येत नाही. हे दार आले कुठून, आणि त्याने कुणाकुणाला बाहेर ठेवले, ते आज पाहू.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथे डॅन्यूब नदीकडच्या बाजूला प्राटर नावाचे विस्तीर्ण रान आहे. ही राजघराण्याची शिकारीची जागा. १७६६ साली सम्राट दुसरा जोसेफ याने ती सर्व लोकांना मोकळी केली. लोक फिरायला आले. त्यांच्यामागून खानावळी आल्या, बाहुल्यांचे खेळ आले, झोपाळे आले. आपल्या जत्रेचीच रीत म्हणा ना! फरक एवढाच की ही जत्रा उठून गेली नाही, तिथेच राहिली.

लंडनची रीत निराळी. थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर व्हॉक्सहॉल नावाची बाग होती. तिथे आधी फुकट जाता येई. मालकाला पैसे मिळत ते खाण्यापिण्यातून. पुढे जोनाथन टायर्स नावाच्या चतुर माणसाने ती चालवायला घेतली आणि दारात एक शिलिंग फी ठेवली. त्या काळच्या मजुराच्या दिवसाच्या कमाईचा तो मोठा हिस्सा होता. आत वाद्यवृंद, झाडांवर हजारो दिवे, मंडपात जेवण. जेवणातल्या मांसाचे काप इतके पातळ असत की त्यांतून वर्तमानपत्र वाचता येईल, अशी थट्टा लोक करीत. तरीही येत. ही बाग १८५९ साली बंद झाली.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे टिव्होली त्याच वळणाचे. गेऑर्ग कार्स्टन्सेन याने ते १८४३ साली उघडले. प्रजा करमणुकीत दंग असली म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाही, असे सांगून त्याने राजाची परवानगी मिळवली, अशी आख्यायिका आहे. पुढे पाचच वर्षांनी त्या देशातली अनियंत्रित राजसत्ता संपली. तेव्हा औषध काही लागू पडलेले दिसत नाही! टिव्होली मात्र अजून चालू आहे.

यंत्रे आली ती अमेरिकेत. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचे पोलादी चाक उभे केले होते. त्याला छत्तीस डबे, आणि एकेका डब्यात साठ माणसे. तत्त्व आपल्या जत्रेतल्या पाळण्याचेच. हातांच्या जागी वाफेचे इंजिन आले. हे चाक पाहून जॉर्ज टिल्यू नावाचा गृहस्थ वेडावला. त्याने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर लहानसे चाक आणून बसवले, आणि १८९७ साली आपल्या खेळांभोवती कुंपण घालून दारावर फी ठेवली. किनाऱ्यावर जुगारी आणि गुंड यांचा सुळसुळाट होता. बायकामुलांना निर्धास्त येता यावे, हे त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. १९२० साली शहरातली भुयारी रेल्वे थेट तिथपर्यंत पाच सेंटांत पोचवू लागली, तेव्हा गिरणीतल्या मजुरापासून सर्वांची तिथे रीघ लागली.

पण कुंपण घातले म्हणजे राखणदार आला, आणि राखणदार आला म्हणजे 'तू नको' म्हणणारा आला. अमेरिकेतल्या अनेक उद्यानांत निग्रो, म्हणजे आज ज्यांना कृष्णवर्णीय म्हणतात, त्या लोकांना आत घेत नसत; हाती तिकिटाचे पैसे असले तरी नाही. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको उद्यानात ३० जून १९६० रोजी काही कृष्णवर्णीय विद्यार्थी फिरत्या लाकडी घोड्यांवर जाऊन बसले. उद्यानाचाच नोकर, पण त्याच्या छातीवर सरकारी बिल्ला. त्याने पाच जणांना अटक केली. बाहेर महिनोन्‌महिने निदर्शने झाली, शेजारपाजारचे गोरे लोकही त्यांत उभे राहिले. १९६१ च्या हंगामात दार सर्वांना उघडले. त्या शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या, त्याला मात्र १९६४ उजाडले.

बाल्टिमोर शहराजवळच्या ग्विन ओक उद्यानात शेकडो माणसे तुरुंगात गेली, त्यांत पाद्रीही होते. ते उद्यान सर्वांना खुले झाले २८ ऑगस्ट १९६३ रोजी. त्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनचे प्रसिद्ध भाषण झाले. इकडे अकरा महिन्यांची एक कृष्णवर्णीय मुलगी बापाच्या आधाराने लाकडी घोड्यावर बसली होती. ते घोडे पुढे १९८१ साली वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानात नेऊन बसवण्यात आले. खुद्द किंग यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या लहान मुलीची गोष्ट सांगितली आहे. दूरदर्शनवर जाहिरात पाहून ती उद्यानात नेण्याचा हट्ट धरते, आणि ते तुझ्यासाठी नाही, हे तिला कसे सांगावे, हा बापापुढचा पेच.

आपण लगेच नाक वर करू नये. आपल्या जत्रेच्या माळाला कुंपण नव्हते हे खरे, पण देवळाच्या पायरीशी काय होत होते? पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

१९५५ साली कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा तोडून वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उभारले. त्याआधी ते टिव्होली पाहून आले होते. तिथली स्वच्छता, झाडे आणि दिवे त्यांनी उचलले. कोनी आयलंडचा गोंगाट नको होता. आत जायचा दरवाजा एकच ठेवला. आणि एक फरक पाहा: कोनी आयलंडला पाच सेंटांची रेल्वे जात होती, इथे यायचे ते मुख्यतः हमरस्त्याने, स्वतःच्या मोटारीतून. म्हणजे चाळणी दाराच्या बऱ्याच आधी लागली. आरंभी प्रवेशाला एक डॉलर आणि खेळांची तिकिटे वेगळी, असे होते. १९८२ पासून एकच मोठे तिकीट झाले, आत हवे तितके बसा. त्यात एक समता होती, कारण रांगेत शेठही उभा आणि कारकूनही उभा. तीही आता विरली आहे. २०२१ पासून तिथे जादा पैसे भरणाऱ्याला पुढे जाण्याची निराळी रांग आहे. दारातून सगळे आत जातात; भेद पुढे, पाळण्यापाशी होतो.

आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली, मुंबईजवळ गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले, ते याच एकरकमी तिकिटाच्या युगात. शिक्षक मंडळींनी सहलीची वर्गणी ठरवताना वर्गातली किती नावे गळतात, ते एकदा मोजून पाहावे.

व्हिएन्नाच्या प्राटरला मात्र अजूनही फाटक नाही. १८९७ सालचे तिथले मोठे चाक दुसऱ्या महायुद्धात जळाले. ते पुन्हा उभे केले तेव्हा तीस डब्यांऐवजी पंधराच लावले. तेच आजही फिरते. चाकात बसायला तिकीट लागते. खाली उभे राहून बघायला लागत नाही.