मृगातील धूसर ठिपक्याची ओळख

हिवाळ्यात जळगाव किंवा धुळे शहराच्या दिव्यांपासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी गेल्यास मृग नक्षत्र ठळकपणे दिसते. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन तारकांच्या किंचित दक्षिणेस एक धूसर ठिपका आहे. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास खानदेशातून तो क्षितिजापासून सुमारे ६४ अंश उंचीवर असतो.

फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए यांनी ४ मार्च १७६९ रोजी या ठिपक्याची नोंद केली. त्यांच्या यादीत त्याचा क्रमांक ४२ आहे. धूमकेतूंचा शोध घेताना फसगत होऊ नये, म्हणून ही यादी तयार झाली. १७८१ मध्ये तीत १०३ नोंदी होत्या. त्यांपैकी तारकागुच्छ कोणते, दीर्घिका कोणत्या आणि वायूचे ढग कोणते, हे त्या काळच्या दुर्बिणींतून प्रत्येक वेळी ठरविणे शक्य नव्हते.

ही उकल वर्णपटामुळे होऊ लागली. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका तेजोमेघाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तेव्हा ताऱ्यांप्रमाणे सलग पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. तेजोमेघ वायुरूप असल्याचा तो पुरावा होता. मृगातील तेजोमेघातही अशाच रेषा आढळल्या. मात्र सर्वांत ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, याचा उलगडा होईना. नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमची होती आणि तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होते. हे खरे असते, तर ती रेषा एका बाजूस विरत गेलेली दिसावयास हवी होती.

हा मुद्दा पुण्यातही तपासला गेला. सायन्स कॉलेजमधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या साह्याने तेथे वेधशाळा उभारली होती. तेथील २० इंची परावर्तक दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची होती. तिच्या साह्याने मृगातील तेजोमेघाचे वेध घेऊन नायगमवाला यांनी १८९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : ती रेषा स्पष्ट व रेखीव आहे, विरत गेलेली नाही. लॉकियर यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांच्या निरीक्षणांतूनही मॅग्नेशियमची कल्पना मागे पडली.

अखेरचे उत्तर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दिले. अत्यंत विरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा होती. पुण्याची वेधशाळा मात्र तोवर उरली नव्हती. १९१२ मध्ये ती बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. मेसिए यांनी नोंदविलेला ठिपका नेमका कशाचा आहे, हे कळण्यास १५८ वर्षे लागली. त्या प्रवासातील एक निर्णायक टप्पा पुण्यात पार पडला, याची नोंद ठेवायला हवी.