मुरलेला चहा

आपल्याकडे तांदूळ जुना हवा, लोणचं मुरलेलं हवं. चहाची पत्ती मात्र ताजी. चीनच्या युन्नान प्रांतात उलटं आहे. तिथला पु-अर चहा जितका जुना, तितका मोलाचा.

याचं मूळ व्यापारात आहे. सोंग राजवटीला (इ.स. ९६० ते १२७९) लढाईसाठी घोडे हवे होते आणि तिबेटी लोकांना चहा. थंड पठारावर भाजीपाला कमी, खाणं मांस-लोण्याचं. त्यावर चहा हवाच. मग युन्नान-सिचुआनचा चहा दाबून त्याच्या विटा नि चकत्या करत आणि खेचरांच्या, हमालांच्या पाठीवरून डोंगर ओलांडत. प्रवास महिनोन्‌महिने चाले. दमट हवेत चहा आंबे, रंग गडद होई, कडवटपणा उतरे. लोकांना तीच चव गोड लागू लागली! पुढे १९७३च्या सुमारास कुनमिंगला पानांचे ओले ढीग घालून वर्षांचं मुरणं दीडेक महिन्यात उरकायची रीत बसवली गेली. २००७मध्ये तर या चहाचे भाव सट्ट्याने चढले आणि कोसळले.

तुम्ही म्हणाल, कन्हानला याचं काय? हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकणारे तिबेटी आठवतात ना? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२पासून त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. देश सुटला, खेचरांची वाट मोडली. मीठ-लोण्याच्या चहाची आवड मात्र ते विदर्भाच्या उन्हातही घेऊन आले.

असो. आमच्या घरी नवा तांदूळ अजूनही वर्षभर ठेवूनच काढतात. तुमच्याकडे काय मुरवतात, जरूर कळवा.