पासबुकातला माणूस

१९५८ साली जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातल्या एका कोर्टात एक गोरा तरुण कारकून म्हणून लागला. नाव ॲथॉल फ्युगार्ड. कोर्ट फक्त कृष्णवर्णीयांसाठी. पासबुक जवळ नाही, किंवा त्यावर हवा तो शिक्का नाही, एवढाच गुन्हा. खटला म्हणावा असे काही नसेच. दोनचार मिनिटांत माणूस तुरुंगात. (याच परिसरात, हमिदिया मशिदीपाशी, १९०८ साली गांधीजींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी आपली नोंदणीपत्रे जाळली होती. कागदाने माणूस बांधायची तिथली रीत जुनीच.) या काही महिन्यांच्या नोकरीने फ्युगार्डला जन्मभराचा विषय दिला.

१९६१ साली ‘द ब्लड नॉट’ आले. दोन भाऊ, एक उजळ कातडीचा, एक काळा. भूमिका केल्या स्वतः फ्युगार्डने आणि झेक्स मोकाए याने. दौऱ्यावर निघाले की गोरा भाऊ पहिल्या वर्गाच्या डब्यात आणि काळा तिसऱ्या वर्गात. नाटक रंगमंचावर संपत नव्हते, ते असे. पुढे १९६७ मध्ये सरकारने फ्युगार्डचा पासपोर्टच काढून घेतला. तो परत मिळायला चार वर्षे लागली.

पण मला सांगायचे आहे ते ‘सिझ्वे बान्झी इज डेड’विषयी. पोर्ट एलिझाबेथजवळच्या न्यू ब्रायटन वस्तीतले जॉन कानी आणि विन्स्टन न्शोना हे दोन नट आणि फ्युगार्ड, या तिघांनी तालमीत बोलत, करून पाहत ते उभे केले. १९७२ साली केपटाऊनमध्ये पहिला प्रयोग झाला. सिझ्वेला शहरात राहायचा परवाना नाही. रात्री रस्त्यात एक प्रेत सापडते, त्याच्या खिशात मात्र शिक्क्यांसकट पक्के पासबुक! मित्र सांगतो, फोटो बदल आणि त्याचे नाव घे. सिझ्वे कचरतो. बायकोमुलांना काय सांगू, त्यांचा सिझ्वे मेला? प्रेक्षक हसत असतात आणि हसता हसता घशात काहीतरी अडकते.

गंमत पाहा, कृष्णवर्णीयांसाठी ‘नट’ हा व्यवसाय सरकारी यादीत नव्हताच. म्हणून कानी आणि न्शोना यांची कागदोपत्री नोंद फ्युगार्डचे घरगडी अशी. याच ‘घरगड्यां’ना १९७५ साली अमेरिकेत उत्कृष्ट अभिनेत्याचे टोनी पारितोषिक विभागून मिळाले. आणि १९७६ साली ट्रान्स्कायमध्ये प्रयोगानंतर दोघांना अटकही झाली.

गोऱ्याने काळ्यांचे दुःख का सांगावे, असा आक्षेप फ्युगार्डवर सतत घेतला गेला. आक्षेप वावगा नाही. पण २०२५ मध्ये, ९२व्या वर्षी वारलेल्या या माणसाने स्वतःलाही मोकळे सोडले नव्हते. लहानपणी तो सॅम नावाच्या, आईकडे कामाला असलेल्या आणि आपल्यावर माया करणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडावर थुंकला होता. ती शरम १९८२च्या ‘मास्टर हॅरल्ड अँड द बॉईज’मध्ये त्याने भर रंगमंचावर मांडली. नाटकातल्या मुलाचे नाव ठेवले हॅली, जे त्याचे स्वतःचे घरातले नाव. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत सॅम आहे, आणि शेजारी वडिलांच्या नावाची आद्याक्षरे.