बॅटरीची जागा

गेले दोन महिने आमच्या घरात एकाच प्रश्नावर वाद चालू आहे. अब्बांची जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली. रंग, हूड, टायर सगळ्यांवर एकमत झालं. अडलं ते बॅटरीवर. ती बसवायची कुठे?

अब्बा म्हणतात, बॉनेटखाली, मूळ जागी. पुतण्याचं मत, सीटखाली. मी दोघांचं ऐकत होतो आणि हळूहळू लक्षात आलं, की या एका प्रश्नाला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि त्यात आपल्या माणसांचाही वाटा आहे. तो कुणी लिहून ठेवलेला नाही.

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून चालू व्हायच्या. हँडल उलटलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला, ज्याला आपण ‘सेल्फ’ म्हणतो. सेल्फला मोठा करंट लागतो, म्हणून मोठी, जड बॅटरी आली. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न तेव्हापासूनचा. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत ती पुढच्या सीटजवळ, पायाखालच्या फळीच्या आत होती. फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या सीटखाली. १९५९च्या मिनीत पुढे जागाच उरली नव्हती, म्हणून ती डिकीत गेली. आपल्या ॲम्बॅसिडर आणि फियाटमध्ये मात्र बॉनेटखाली.

यातली कुठलीही जागा लहरीने ठरलेली नाही. बॅटरी सेल्फजवळ असली तर केबल आखूड लागते. केबल दुप्पट लांब केली की तिचा अडथळाही दुप्पट होतो आणि सेल्फपर्यंत पोचता पोचता व्होल्टेज पडतं. पण इंजिनाजवळ उष्णता असते, आणि उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. दूर ठेवली तर थंड राहते, पण केबल जाड घ्यावी लागते. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.

आता जीपकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. त्यांची बॅटरी सहा व्होल्टची, बॉनेटखाली. सैनिकाने बॉनेट उचललं की सगळं हाताशी. हिंदुस्थानात ही जीप आणली ती १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीने. तिचं पहिलं नाव ‘महिंद्रा अँड मुहम्मद’. कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि मलिक गुलाम मुहम्मद हे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते आणि चवीने सांगितली जाते. गेलेल्या मुहम्मदची नोंद झाली. जे इथेच राहिले आणि पुढची पन्नास वर्षं त्याच जीपच्या खाली पाठ टेकून पडले, त्यांची कुठे झाली? १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. परभणी जिल्हा त्याच संस्थानातला. उर्दू कचेरीतून गेली आणि तिच्याबरोबर आमच्या आजोबांची कारकुनीही. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीने हातात पाना घेतला. अब्बा त्याच पिढीचे.

अब्बांनी ही सीजे-थ्रीबी जीप १९७४ मध्ये एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली. या मॉडेलचं बॉनेट उंच असतं, कारण आतलं हरिकेन पेट्रोल इंजिन उंच आहे. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. गाडी काळ्या मातीतून जायची, पण पेट्रोल फार प्यायची. पुढे अब्बांनी, तेव्हा अनेकांनी केलं तसं, तिला डिझेल इंजिन बसवलं, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं.

बॅटरीची अडचण तिथून सुरू झाली. जुनं पेट्रोल इंजिन हवा साधारण सात पट दाबतं, डिझेल सोळा पटींहून जास्त. ते फिरवायला सेल्फही दणकट लागतो आणि बॅटरीही मोठी. ती जुन्या ट्रेमध्ये मावेना. इंजिन बदलणाऱ्या गॅरेजवाल्याने ती पुढच्या डाव्या सीटखाली सरकवली. ना पेटी, ना झाकण. वरून रेक्झिनची सीट.

एका उन्हाळ्यात जिंतूरच्या वाटेवर त्या सीटवर दोन जण बसले. स्प्रिंग दबली आणि टर्मिनलला टेकली. धूर निघाला, मग जाळ. अब्बांनी नुसत्या हाताने केबल उपटली. तळहातावरची खूण अजून आहे. डिझेलची टाकी शेजारच्या, ड्रायव्हरच्या सीटखाली होती. त्या दिवशी काय होऊ शकलं असतं, हे ते कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर गाडी कमी कमी वापरली गेली आणि शेवटी अंगणात उभी राहिली.

म्हणून अब्बांचं ‘मूळ जागी’ हे म्हणणं हौसेचं नाही. ते भीतीचं आहे.

शेवटी आम्ही परभणीतल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी आणलं. अब्बांच्या बरोबरीचे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी बॉनेट उघडलं, सीट काढली, बराच वेळ पाहिलं. पुतण्याला विचारलं, “पैले ये बता, गाडी चलाना है के दिखाना है?”

“चलाना है, चाचा. उरुसाला दर्ग्यापर्यंत तरी.”

“फिर अब्बा की बात भी सही, तेरी भी.”

त्यांचा हिशेब असा. बॉनेटखाली मोठी बॅटरी बसवायची तर ती सायलेन्सरच्या पाइपाला खेटते. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसवर जातो, त्यात इंजिनाची धग. बॅटरीचं पाणी उडणार, आयुष्य निम्मं होणार. सीटखालची जागा थंड आहे, वजनही गाडीच्या मधोमध येतं. चूक जागेची नव्हती, बसवण्याची होती. मग त्यांनी एकेक अट सांगितली. चेसिसला बोल्ट केलेली लोखंडी पेटी, आत रबर. वर जाड झाकण, सीटची स्प्रिंग त्यापासून चार बोटं वर. चार्जिंगमध्ये निघणारा वायू बाहेर जायला नळी, कारण तो पेट घेतो. ॲसिड सांडलं तर खाली वाट. केबल जाड, चेसिसला घासेल तिथे रबरी बुश. अर्थिंग गंजक्या चेसिसच्या भरवशावर नाही, थेट इंजिनाला वेगळी केबल. आणि हाताशी एक कट-ऑफ स्विच.

अब्बांनी एकच विचारलं, “पानी कौन देखेगा? जो दिखता नहीं, उसको लोग भूल जाते.”

चाचांनी सीटला बिजागरी लावायला सांगितली. एका हाताने उचलली की बॅटरी समोर. दर महिन्याला पाणी पाहायचं काम पुतण्याकडे गेलं.

चाचांनी सांगितलेलं सगळं मी वहीत लिहून घेतलं, मापांसकट. त्यांचं गॅरेज आता बंद आहे, मुलगा पुण्यात नोकरीला. वाचकहो, तुमच्याही गावात असे मिस्त्री असतील. त्यांनी कुठल्या गाडीत काय बदललं आणि का, हे विचारून लिहून ठेवा. १९४८ नंतर आपण कसे जगलो, याचा बराचसा पुरावा त्यात आहे.

पेटीचं वेल्डिंग काल झालं. अब्बांनी झाकणावर हात ठेवून पूर्ण भार दिला, दोनदा. मग म्हणाले, बसवा.