चार पेन्सिल सेलवरचा गेम

एप्रिल १९८९ मध्ये निन्टेंडोनं जपानात गेमबॉय आणला. पडदा हिरवट, छटा मोजून चार, मागून उजेड नाही, मेमरी ८ केबी. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर. दोन्हींचे पडदे रंगीत, झगझगीत. पण त्यांना सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि चार-पाच तासांत ते संपायचे! गेमबॉय चार सेलवर दहा तास तरी आरामात चालायचा. शेवटी बाजी कोणी मारली? गेमबॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त खपले.

यामागचे इंजिनिअर गुनपेई योकोई. त्यांचं तत्त्व साधं होतं: जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते नव्या तऱ्हेनं वापरायचं.

आता २०२० चा प्लेस्टेशन ५ घ्या. मेमरी १६ जीबी, म्हणजे गेमबॉयच्या सुमारे वीस लाख पट. चित्रं अप्रतिम, वादच नाही. पण गेमबॉयचा टेट्रिस ३२ केबीच्या कार्ट्रिजमध्ये मावला होता, आणि कार्ट्रिज एकदा दुकानात गेलं की गेम कायमचा पक्का. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं लाडकं "पुढच्या पॅचमध्ये बघू" तिथे चालत नव्हतं.

उलट २०१४ चा 'द क्रू' बघा. युबिसॉफ्टनं मार्च २०२४ मध्ये त्याचे सर्व्हर बंद केले आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या डिस्क निकामी झाल्या. टेट्रिसचं जुनं कार्ट्रिज मात्र धड असेल तर आजही सुरू होतं.

तेव्हा मंडळी, गेम विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, हे त्या हिरवट पडद्यावर जास्त खरं होतं.