रायगडावरील यादी आणि साचा

महाड तालुक्यांतील रायगडावर ६ जून १६७४ रोजीं छत्रपति शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि कचेरींतील शब्दही पालटले. मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव, डबीर सुमंत. रघुनाथ पंडितांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला 'राज्यव्यवहारकोश' ही अशाच पर्यायी शब्दांची मोठी यादी होय.

त्या वर्षींचा 'कानुजाबता' पाहावा. आठ प्रधानांचीं कामें एकाखालीं एक दिलेलीं. मांडणीचा साचा बहुधा एकच. पद, काम, पत्रांवर संमतीची खूण. युद्धप्रसंगाचें काम मात्र सहांकडेच. पंडितराव व न्यायाधीश त्यांतून वगळलेले. म्हणजे यादी, साचा आणि अपवाद.

संगणकांच्या व्यवस्थेंत हेंच काम आतां यंत्राकडे आहे. २०१२ सालीं मायकेल डिहान यांनीं 'अ‍ॅन्सिबल' हें साधन प्रसिद्ध केलें. त्यांत संगणकांचीं नांवें एके ठिकाणीं लिहावयाचीं. साच्यांत 'यादींतील प्रत्येकासाठीं ही ओळ' एवढेंच सांगावयाचें. अट घातली कीं अपवाद आपोआप गळतात. अशा रीतीनें शेंकडों संगणकांच्या नियमांच्या फायली तयार होतात. नवा संगणक आला तर यादींत भर घालून फायली पुन्हा घडवाव्या. तयार फाईल हातानें सुधारण्याचा मोह मोठा. पण पुढच्या खेपेस ती सुधारणा पुसली जाते. यादींतील चूकही तितक्याच इमानानें सर्वत्र पोंचते!

रायगडावर प्रत्येक नक्कल हातानेंच उतरावी लागे. यादींत पेशव्यांचे 'मुख्य प्रधान' झाले खरे. लोकांच्या तोंडीं मात्र 'पेशवे'च राहिले, आणि पुढील शतकांतील पुण्याचा कारभार त्याच नांवानें ओळखला गेला.