धक्क्यावरचे सामान

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी मला कुंपणापलीकडून हाक मारली. त्यांच्या मुलाने आईवडिलांसाठी मुंबईहून निघणाऱ्या बोटीच्या सहलीची तिकिटे काढली होती. समुद्राचे भय काकूंना वाटत नव्हते. त्यांना काळजी होती ती धक्क्याची. “सर, गाडीतून उतरल्यावर त्या धक्क्यापर्यंत जायचे कसे? आणि ह्या दोन बॅगा बोटीवर चढवायच्या कोणी?” असा त्यांचा सरळ सवाल होता. मी शाळेत इतिहास शिकवतो, तेव्हा ह्या प्रश्नाशी आपला काय संबंध, असे प्रथम मला वाटले. परंतु घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न इतिहासाचाच आहे. माणसे परदेशी का गेली आणि तेथे त्यांनी काय केले हे आपण पुस्तकांतून वाचतो; पण घराचा उंबरठा ओलांडल्यापासून बोटीच्या शिडीवर पाय ठेवीपर्यंत त्यांचे ओझे कोणी वाहिले, हे सहसा कोणी सांगत नाही.

आरंभ जरा मागून करू. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी मुंबईहून विलायतेस जाणारा प्रवासी बोटीने सुवेझपर्यंत जाई, तेथे उतरे, मिसरची भूमी ओलांडी आणि अलेक्झांड्रियाला दुसरी बोट पकडी. कैरो ते सुवेझ हा रेल्वेचा रस्ता १८५८ मध्ये पुरा होईपर्यंत ह्या वाटेवर माणसांसाठी घोड्यांच्या गाड्या असत आणि पेट्या उंटांच्या पाठीवरून जात. म्हणजे पेटी केवढी असावी हे मालकाच्या हौसेवर नव्हे, तर उंटाच्या पाठीवर ठरे! कालवा झाला आणि ही उतरचढ संपली. त्याबरोबर सामान मात्र वाढत गेले. ओझे वाहणारा डोळ्यांआड झाला की माणूस ओझ्याचा विचार सोडतो, हा अनुभव काही आजचाच नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावरील व्यवस्थाही हळूहळूच घडली. ससून गोदी १८७५ साली, प्रिन्सेस गोदी १८८० साली आणि व्हिक्टोरिया गोदी १८८८ साली तयार झाली. तरीही पुष्कळ वर्षे प्रवाशांची चढउतार अपोलो बंदरावरूनच होत असे. मोठी बोट दूर पाण्यात नांगरून पडलेली असे. प्रवासी लहान लाँचमधून तिच्यापर्यंत जाई आणि त्याच्या ट्रंका मागाहून येत. निरोप द्यायला आलेल्या आप्तांची गर्दी, हमालांची घासाघीस आणि पायऱ्यांवर आपटणारे पाणी, ह्या सगळ्यांत आपली पेटी नजरेआड होऊ न देणे ही प्रवासाची पहिली परीक्षा होती.

पुढे १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी खुली झाली. हिलाच आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. तिच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर सुमारे २२ एकर नवी जमीन तयार झाली आणि तेथे बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. तिच्या कडेचा बॅलार्ड पिअर हा पूर्वीचा लहानसा धक्का वाढवून मोठा केला गेला. मुंबईच्या बंदराचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव त्याला मिळाले. ह्याच धक्क्यावर ‘बॅलार्ड पिअर मोल’ नावाचे रेल्वे स्टेशन होते. विलायतेची टपाल घेऊन येणारी बोट धक्क्याला लागे आणि तिचा प्रवासी चार पावले चालून थेट आगगाडीत बसे. कलकत्त्याकडे इंपीरियल इंडियन मेल जाई, पेशावरकडे १९२८ पासून फ्रंटियर मेल जाऊ लागली. गाडीचे वेळापत्रक बोटीच्या आगमनाशी बांधलेले असे. आज बोट गाडीसाठी थांबत नाही आणि गाडीही बोटीसाठी थांबत नाही. त्या काळी मात्र साहेबासाठी गाडी बोटीची वाट पाहत उभी राहत असे.

आता सामानाची रीत पाहा. तिकीट काढले की कंपनीकडून लेबले येत. ती मुख्यतः तीन प्रकारची असत. पहिले, केबिनमध्ये न्यायच्या पेटीचे. ही पेटी बर्थखाली सरकली पाहिजे म्हणून तिची उंची सुमारे १४ इंचच ठेवीत. दुसरे लेबल ‘प्रवासात हवे’ असे. ह्या पेट्या सामानाच्या खोलीत राहत आणि ती खोली ठरलेल्या वेळीच उघडे. गरम हवेतले पांढरे कपडे काढून लोकरीचे घालण्याची वेळ पोर्ट सैदच्या सुमारास येई. तेव्हा ह्या खोलीपुढे झुंबड उडत असे. तिसरे लेबल ‘प्रवासात नको’ असे. त्या पेट्या तळाशी जात, त्यांचे दर्शन पुन्हा मुक्कामाच्या बंदरातच व्हायचे. ह्यांखेरीज आडनावाच्या पहिल्या अक्षराचे एक मोठे लेबल असे. उतरल्यावर जकातीच्या मांडवात त्या त्या अक्षराच्या पाटीखाली त्या त्या माणसाच्या पेट्या रचून ठेवीत.

ही व्यवस्था नीटनेटकी खरी. पण तिचे मर्म असे की काय हवे आणि काय नको हा निवाडा प्रवाशाने घरीच, पेटी भरताना, करावयाचा असे. तो निवाडा चुकला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण फार थोर माणसाच्या चरित्रात सापडते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून निघाले. किनाऱ्यावर उतरताना घालावा म्हणून त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख जपून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीच्या थंडीत ते तोच घालून उतरले आणि पाहतात तो साऱ्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच! आता कपडे बदलावे, तर इतरांचे पाहून त्यांनी सगळे सामान, किल्ल्यांसह, एका कंपनीच्या एजंटाच्या हवाली केलेले होते. त्यातून तो शनिवार होता आणि रविवारी सामान मिळण्याची सोय नव्हती. ह्या फजितीची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच मोकळेपणाने सांगितली आहे. मुलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ती हसतात. मग मी त्यांना विचारतो, की पेटी दिली ते ठीक, पण किल्ली का दिली?

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतले. महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने निघाले आणि त्यांचे ग्रंथांचे सामान दुसऱ्या बोटीने रवाना झाले. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. हरवलेल्या सामानाबद्दल जी भरपाई मिळाली, तिच्यातून त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला. कारण शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना तेथे नोकरी करणे भाग होते. बडोद्यात काय घडले ते त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांच्या घरीही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबईस परतावे लागले. पाणबुडीने बुडवलेल्या पेट्यांची भरपाई देणारे कोणी तरी होते. हातातली पेटी खाली ठेवण्यापुरती जागा ज्याला आपल्याच देशात मिळाली नाही, त्याची भरपाई कोणत्या कचेरीत मागायची? प्रवासाच्या सामानाचा इतिहास लिहायचा तर हे पान त्यातून वगळता येणार नाही.

लेबले आणि केबिनी ज्यांच्या वाट्याला आल्या ते थोडे. डेकवर प्रवास करणाऱ्यांची रीत अगदी निराळी होती. मुंबईहून कोकणात आणि गोव्यात जाणाऱ्या आगबोटींवर जो आधी वळकटी पसरी, त्याची ती जागा. भाऊचा धक्का हा त्यांचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ साली बांधलेल्या धक्क्याचे हे नाव आजतागायत टिकून आहे. पुढच्या अनेक बंदरांत तर धक्काच नसे. बोट दूर उभी राही आणि पडाव येऊन तिला भिडे. मग म्हातारी माणसे, मुले, ट्रंका, फणसाच्या टोपल्या आणि गाठोडी हातोहात खाली उतरत. बोट हेलकावे खात असताना ओझे पडावात नेमके टाकणारा खलाशी हाच तेथला सामानखात्याचा अधिकारी!

माझे आजोबा मूळचे गोव्यातील बार्देशचे. ते बोटीवर स्टुअर्ड होते. गावाकडे अशा माणसाला तारवटी म्हणतात. पुढे आमचे घर बेळगावात आले. आजोबा कामावर निघाले म्हणजे येथून मीटरगेजच्या गाडीने पुण्यापर्यंत जात. तेथे रुळांची रुंदी बदले, म्हणून गाडीही बदलावी लागे आणि पेटी एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर न्यावी लागे. मुंबईत त्यांचा मुक्काम धोबीतलावच्या कुडात असे. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी मुंबईत चालवलेले बिऱ्हाड. तेथे स्वतंत्र खोली नसे. भिंतीला लागून ट्रंकांची रांग असे. आपली ट्रंक हेच आपले घर, तिच्यापुढे रात्री चटई पसरायची. संध्याकाळी सारे मिळून प्रार्थना करीत आणि सकाळी बोटीची नोकरी शोधायला बाहेर पडत. तारवटी समुद्रावर गेला तरी त्याची पेटी कुडात राही. एकट्या माणसाचे किडुकमिडुक सांभाळणारी ती एक संस्थाच होती.

आजोबांची ती पेटी अजून आमच्याकडे आहे. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणा प्रवाशाचे उरलेले एक लेबल त्यांनी डकवलेले आहे: ‘प्रवासात नको’. लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे. आत लग्नाचा कोट होता, आजीची पत्रे होती आणि जमिनीचे कागद होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचवणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या सामानाचा निवाडा मात्र चोख केला होता. जे हरवले तर पुन्हा मिळणार नाही, ते त्याने समुद्रावर नेलेच नाही.

अठराव्या वर्षी किल्ल्या देऊन बसलेले गांधीजीही पुढे हा निवाडा शिकले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये गोलमेज परिषदेसाठी ते ‘राजपुताना’ बोटीने बॅलार्ड पिअरवरून निघाले. आपल्या सोबत्यांनी बरोबर घेतलेल्या पेट्या पाहून ते अस्वस्थ झाले आणि गरजेबाहेरचे सामान त्यांनी एडनहून परत पाठवायला लावले. मार्सेलीसला जकातीच्या अधिकाऱ्यापुढे दाखवायला त्यांच्याजवळ चरखे, तुरुंगातली भांडी आणि हातविणीचे पंचे यांखेरीज फारसे काही नव्हते. फ्लॅनेलच्या पोशाखापासून ह्या पंचापर्यंत यायला त्रेचाळीस वर्षे लागली.

बॅलार्ड पिअरवरचे ते रेल्वे स्टेशन आता नाही. त्याच परिसरात मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झाले असून त्याचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेथे तपासणीच्या ७२ खिडक्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे अंतर फार तर दोन किलोमीटर. टॅक्सीने सहज जाता येते. मात्र बोटीच्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचण्याचा हट्ट धरू नये, आदल्या दिवशीच जावे. सामानाची रीत ऐकाल तर आश्चर्य वाटेल, कारण ती जुनीच आहे. खोलीच्या क्रमांकाचे लेबल बॅगेला लावायचे, दाराशी हमालाच्या स्वाधीन करायचे. बॅग यंत्रातून तपासून आपल्या खोलीच्या दाराशी येते, पण काही तासांनी. उतरण्याच्या आदल्या रात्री ती खोलीबाहेर ठेवायची आणि सकाळी धक्क्यावर ओळखून घ्यायची. बदल झाला आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही, की त्या खिडक्यांपुढच्या रांगेत कोणाची जात वा कातडीचा रंग विचारीत नाहीत.

काकूंना मी शेवटी हेच सांगितले. मोठ्या बॅगा खुशाल द्या. पण ओळखपत्र, तिकीट, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे आणि बॅगेची किल्ली आपल्या हातातल्या पिशवीत राहू द्या. दागिने घरी ठेवा. काकू म्हणाल्या, “एवढेच ना? मग यात इतिहास कुठे आला?” मी आजोबांची पेटी उघडून त्यांना ते लेबल दाखवले. त्यांनी ते निरखून पाहिले, हातातल्या पाटल्यांकडे एकदा पाहिले आणि हसून म्हणाल्या, “ह्या तर मग नकोतच.”